तीन ॲक्सेस पॉइंट आणि चॅनेलची वाटणी : टीपी-लिंक ओमाडा ईएपी६१० व ईएपी६१५-वॉल यांचे परीक्षण

घरात एकाहून अधिक ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल हवेत सोडणारी उपकरणे) बसवायचे ठरले की दुकानात, जाहिरातींत आणि ओळखीच्यांच्या सल्ल्यांत बहुतेक बोलणे वेगाच्या आकड्यांचेच होते. खोक्यावर एएक्स१८०० लिहिले आहे की एएक्स३०००, अँटेना किती आहेत, एका वेळी किती उपकरणे जोडता येतात, एवढ्यावर निवड उरकली जाते. प्रत्यक्षात दोन-तीन ॲक्सेस पॉइंट एकाच छताखाली एकमेकांच्या पायात न येता चालणार की नाही, हे ठरते ते प्रत्येकाला कोणते चॅनेल, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यातला कोणता ठरावीक भाग, दिले आहे, त्या चॅनेलची रुंदी किती ठेवली आहे आणि प्रक्षेपणाची शक्ती किती आहे, या तीन गोष्टींवर. टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतील ईएपी६१० आणि ईएपी६१५-वॉल या दोन मॉडेलांचे हे परीक्षण मी मुद्दाम याच एका अंगाने लिहीत आहे, कारण माझ्या मते ती विकत घेण्याचे खरे कारण त्यांचा वेग नसून या तिन्ही गोष्टी प्रत्येक ॲक्सेस पॉइंटसाठी वेगवेगळ्या आणि स्वतःच्या हाताने ठरवता येतात, हे आहे.

घर पुण्यातले रो-हाउस आहे. तळमजला, पहिला मजला आणि गच्चीलगतची अभ्यासाची खोली अशी त्याची मांडणी असून मजल्यांमध्ये आरसीसी स्लॅब आहेत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत, त्यामुळे कोणत्याही खोलीत उभे राहिले तरी आपल्या नेटवर्कच्या जोडीला आजूबाजूच्या घरांची नेटवर्क यादीत दिसतातच. तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या छताला एकेक ईएपी६१० लावला आहे आणि गच्चीच्या खोलीत भिंतीतील पेटीवर ईएपी६१५-वॉल बसवला आहे. दोन्ही मॉडेल वायफाय ६ ची आहेत. २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१ मेगाबिट प्रति सेकंद हा त्यांचा कमाल जोडणीवेग आहे, आणि या दोन आकड्यांची १७७५ ही बेरीज वर पूर्णांकित करून खोक्यावरचे १८०० येतात. २.४ वर ४० मेगाहर्ट्झ आणि ५ वर ८० मेगाहर्ट्झ एवढी चॅनेलची रुंदी दिली तरच हे आकडे कागदावर जुळतात, आणि या परीक्षणात मी त्या दोन्ही रुंदी कमी करण्याचीच शिफारस करणार आहे. भिंतीवरच्या मॉडेलला खालच्या बाजूने तीन गिगाबिट पोर्ट आहेत, ज्यांमुळे टेबलावरचा संगणक आणि प्रिंटर केबलने जोडता येतात आणि तेवढा भार हवेतून कमी होतो.

चॅनेलच्या वाटणीआधी एका अटीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. तिन्ही ॲक्सेस पॉइंटपर्यंत केबल पोहोचलेली असली पाहिजे. ओमाडामध्ये बिनतारी मेशची, म्हणजे ॲक्सेस पॉइंट केबलशिवाय हवेतूनच एकमेकांना जोडण्याची, सोय आहे, परंतु त्या रचनेत ॲक्सेस पॉइंट एकमेकांशी ५ गिगाहर्ट्झवरूनच बोलतात आणि त्यासाठी त्या सर्वांना त्या पट्ट्यात एकाच चॅनेलवर राहावे लागते. म्हणजे फोनकडे जाणारी माहिती आणि ॲक्सेस पॉइंटच्या आपसातील माहिती एकाच जागेत दाटीवाटीने वाहते, आणि चॅनेलची वाटणी हा विषयच उरत नाही. जुन्या घरात केबल ओढणे किती कटकटीचे असते याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही रंगकामाच्या वेळी, दारांच्या चौकटींच्या कडेने किंवा बाहेरच्या भिंतीवरून पाइप टाकून हे काम करून घेणे, ॲक्सेस पॉइंटचे महागडे मॉडेल घेण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. केबल आली की पीओई स्विचवरून (नेटवर्कच्या केबलमधून वीजही पुरवणाऱ्या जोडपेटीवरून) वीजही त्याच तारेतून मिळते. ईएपी६१० साठी स्विच ८०२.३एटी या पीओई मानकाचा घ्यावा.

आता २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळू. भारतात हा पट्टा, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्यात आपल्याला १ ते १३ अशी चॅनेल मिळतात. तेरा हा आकडा मात्र फसवा आहे. दोन लगतच्या चॅनेलच्या मध्यबिंदूंमधले अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ असते, तर एका चॅनेलवरचे प्रक्षेपण साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे चॅनेल ३ वर लावलेला ॲक्सेस पॉइंट चॅनेल १ च्या आणि चॅनेल ६ च्याही जागेत शिरतो. एकमेकांवर न चढणारी चॅनेल प्रचलित वाटणीत तीनच उरतात : १, ६ आणि ११.

यादीत १, ६ आणि ११ वर गर्दी दिसली की मधल्या रिकाम्या ३, ४, ८ किंवा ९ वर आपला ॲक्सेस पॉइंट ठेवावा, असे अनेकांना वाटते, आणि हा मोह अगदी स्वाभाविक आहे. तो टाळण्यामागचे कारण वायफायच्या कामाच्या पद्धतीत आहे. एकाच चॅनेलवरची सर्व उपकरणे, ती कोणाच्याही घरातली असोत, बोलण्यापूर्वी कानोसा घेतात. समोरून आलेला संदेश वायफायचा आहे हे ओळखता आले, तर उणे ८२ डीबीएमइतक्या (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; शून्याच्या जितके खाली तितका सिग्नल क्षीण) क्षीण सिग्नललाही मान देऊन ती थांबतात आणि आपली पाळी आल्यावर बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचा संदेश मात्र त्यांना ओळखताच येत नाही. तो केवळ गोंगाट म्हणून ऐकू येतो, आणि त्या गोंगाटाची पातळी उणे ६२ डीबीएमपर्यंत चढल्याशिवाय हवा व्यापलेली आहे असे उपकरण मानत नाही. या दोन पातळ्यांमध्ये २० डेसिबलचे, म्हणजे शंभरपटीचे अंतर आहे. एकाच मांडवात वक्ते पाळीपाळीने बोलू शकतात, पण शेजारच्या मांडवातल्या लाउडस्पीकरशी पाळी ठरवता येत नाही, त्याने फक्त शब्द बुडतात. तीच गत इथे होते. दोन ॲक्सेस पॉइंट १ आणि ३ वर ठेवण्यापेक्षा दोन्ही १ वर ठेवलेले बरे, हे वरवर विचित्र वाटणारे विधान म्हणूनच खरे आहे.

युरोपात काही ठिकाणी १, ५, ९ आणि १३ अशी चार चॅनेलांची वाटणी वापरली जाते, आणि तेरा चॅनेल उपलब्ध असल्यामुळे ती आपल्याकडेही करता येईल असे कागदावर दिसते. स्वतःच्या शेतातल्या एकट्या घरात ती चालेलही. शहरात मात्र शेजारचे राउटर १, ६ आणि ११ वर बसलेले असतात आणि आपले ५ व ९ हे त्यांपैकी ६ व ११ च्या जागेत अर्धवट घुसतात, त्यामुळे वर सांगितलेला गोंगाट आपण स्वतःच निर्माण करतो. शिवाय अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली काही उपकरणे चॅनेल १२ आणि १३ वरचे नेटवर्क पाहतच नाहीत. परदेशातून सुट्टीत घरी आलेल्या मुलीच्या लॅपटॉपला आपल्या घरात रेंज येत नाही आणि बाकी सर्वांच्या फोनला येते, अशा कोड्याचे उत्तर कधीकधी एवढेच असते.

आमच्या घरी तळमजल्याला चॅनेल १, पहिल्या मजल्याला ११ आणि गच्चीच्या खोलीला ६ दिले आहे, आणि या क्रमामागे कारणे आहेत. स्वयंपाकघर तळमजल्यावर आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतो आणि चॅनेल १ चा मध्यबिंदू २४१२ असल्यामुळे त्या त्रासापासून तेच सर्वांत दूर राहते. आमच्या परिसरात सर्वांत जास्त गर्दी ६ वर दिसली, म्हणून ते चॅनेल सर्वांत कमी उपकरणे असलेल्या खोलीच्या वाट्याला गेले. ज्यांच्या घरी झिग्बीवर (स्मार्ट उपकरणांच्या, याच पट्ट्यातल्या वेगळ्या बिनतारी पद्धतीवर) चालणारे दिवे किंवा सेन्सर आहेत त्यांनी ते झिग्बीच्या चॅनेल २५ वर हलवावेत, कारण त्याचा मध्यबिंदू २४७५ मेगाहर्ट्झ असून तो वायफायच्या ११ च्या जागेबाहेर पडतो.

या पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झ रुंदी कधीही देऊ नये. तीन न चढणाऱ्या चॅनेलांपैकी दोहोंची जागा एकच ॲक्सेस पॉइंट गिळतो आणि उरलेल्या दोघांना भांडत बसावे लागते. ओमाडाच्या सेटिंगमध्ये रुंदी ‘ऑटो’वर सोडण्याचा पर्याय आहे, तो बदलून २० मेगाहर्ट्झ करणे हे मी नवीन ॲक्सेस पॉइंट बसवल्यावरचे पहिले काम समजतो.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त आहे आणि भारतात तो ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने अधिकच प्रशस्त झाला. ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ मिळून ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवान्याशिवाय वापरता येऊ लागली. या जागेतील ३६ ते ४८ आणि १४९ पासून पुढची चॅनेल निर्धास्तपणे वापरता येतात. मधल्या ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनेलांवर रडारांचा पहिला हक्क मानला जातो. तिथे बसण्यापूर्वी ॲक्सेस पॉइंटला किमान एक मिनिट गप्प राहून रडारचा कानोसा घ्यावा लागतो, आणि वापर चालू असताना रडारची चाहूल लागली तर काही सेकंदांत ते चॅनेल सोडून पुढचा अर्धा तास त्याकडे फिरकता येत नाही. डीएफएस म्हणतात ती हीच व्यवस्था. हवामानाची सी-बँड रडारे ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, ज्या जागेत वायफायची १२० ते १२८ ही चॅनेल येतात. मुंबईच्या उपनगरात वेरावली येथे भारतीय हवामान विभागाचे असे सी-बँड डॉप्लर रडार २०२२ पासून आहे. त्या परिसरातील घरांनी निदान ही तीन चॅनेल टाळावीत, असे मी ठामपणे सुचवेन.

डीएफएस चॅनेलचा आणखी एक तोटा कमी लोकांना माहीत असतो, आणि अनेक ॲक्सेस पॉइंटच्या घरात तो जास्त जाणवतो. त्या चॅनेलवर फोनला स्वतःहून हाक मारून नेटवर्क शोधण्याची मुभा नसते, त्याला ॲक्सेस पॉइंटच्या नियमित घोषणेची वाट पाहावी लागते. ही घोषणा सुमारे दर १०२ मिलिसेकंदांनी होते. एका चॅनेलपुरता हा वेळ क्षुल्लक आहे, पण जिना चढताना नवा ॲक्सेस पॉइंट शोधणारा फोन अनेक डीएफएस चॅनेल चाळू लागला की विलंब साचत जातो आणि चालू व्हिडिओ कॉलमध्ये तो दिसतो. काही टीव्ही आणि टीव्हीला लावायच्या काड्या तर ही चॅनेल पाहूच शकत नाहीत. म्हणून घरात मी डीएफएसच्या वाटेला जात नाही, आणि याच निर्णयातून रुंदीचा प्रश्न सुटतो.

डीएफएस वगळले तर ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या जागा दोनच उरतात : ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. तीन ॲक्सेस पॉइंटांत दोन जागा वाटल्या की एक जोडी एकाच चॅनेलवर येणारच. रुंदी ४० मेगाहर्ट्झ केली की त्याच जागेत चार स्वतंत्र चॅनेल मावतात, ज्यांची सुरुवात ३६, ४४, १४९ आणि १५७ पासून होते. या रुंदीवर दोन अँटेनांच्या वायफाय ६ फोनला ५७४ मेगाबिटपर्यंत जोडणी मिळते, ज्यातून प्रत्यक्ष वापरात साधारण निम्म्याहून अधिक वेग हाती येतो. घरातला इंटरनेट प्लॅन १०० ते ३०० मेगाबिटचा असेल, तर ८० मेगाहर्ट्झ रुंदीतून मिळणारा जादा वेग वेगमापनाच्या ॲपमध्ये दिसेल, कामात दिसणार नाही. शिवाय रुंदी दुप्पट केली की उपकरणाच्या कानावर पडणारा गोंगाटही दुप्पट होतो, म्हणजे ३ डेसिबलने वाढतो, आणि दूरच्या खोलीतल्या क्षीण जोडणीला त्याचा फटका बसतो. घरातच मोठ्या फायली साठवणारा सर्व्हर असून त्याच्याकडे लॅपटॉपवरून सतत ये-जा असेल, अशा मोजक्या घरांसाठीच मी ८० चा विचार करेन, आणि तेव्हाही त्या खोलीपुरताच.

आमच्याकडे तळमजला ३६, पहिला मजला १४९ आणि गच्चीची खोली ४४ अशी वाटणी आहे. ३६ आणि ४४ यांच्या जागा एकमेकींना खेटून असल्यामुळे थोडी गळती होतेच, म्हणून ते दोन ॲक्सेस पॉइंट एकमेकांपासून दोन स्लॅब दूर ठेवले आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचे १४९ मधल्या मजल्याला दिले. चॅनेलची वाटणी नकाशावर आडवी पाहण्याची सवय असते, पण रो-हाउसमध्ये ती उभी पाहावी लागते. ज्याच्या छताला ॲक्सेस पॉइंट आहे त्या खोलीच्या बरोबर वरची खोली ही शेजारची खोलीच असते. कोकणात किंवा गोव्यात जाड चिऱ्याच्या भिंतींची बैठी घरे आहेत, तिथे हिशेब वेगळा होतो. तिथल्या भिंती ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल इतका अडवतात की घराच्या दोन टोकांना तेच चॅनेल पुन्हा वापरणेही शक्य असते.

चॅनेल कितीही नीट वाटली, तरी शक्ती कमाल ठेवली तर त्या वाटणीचा अर्धा लाभ वाया जातो. ओमाडात प्रत्येक पट्ट्यासाठी लो, मीडियम, हाय असे तयार पर्याय आहेत, आणि ‘कस्टम’ निवडल्यास डीबीएममध्ये नेमका आकडा देता येतो. तयार पर्यायांमागचा आकडा मॉडेलनुसार बदलतो, त्यामुळे दोन वेगळी मॉडेल असलेल्या घरात ‘मीडियम’ या शब्दाला एकच अर्थ राहत नाही. म्हणून मी नेहमी कस्टम वापरतो आणि तुम्हीही वापरावे. दर ३ डीबीएमला शक्ती निम्मी होते, हे लक्षात ठेवले की हे आकडे परके वाटत नाहीत. आमच्याकडे ५ गिगाहर्ट्झवर १७ डीबीएम, म्हणजे ५० मिलिवॉट, आणि २.४ वर १० डीबीएम, म्हणजे १० मिलिवॉट एवढीच शक्ती आहे. दोन्हींतले ७ डेसिबलचे अंतर हेतुतः ठेवले आहे. मोकळ्या हवेतसुद्धा २.४ चा सिग्नल ५ च्या तुलनेत जवळपास तेवढ्याच फरकाने बलवान पोहोचतो आणि स्लॅबमधून तर तो आणखी सहज पार होतो. दोन्हींना सारखी शक्ती दिली तर फोनला २.४ चेच आकर्षण वाटत राहते आणि ५ चा प्रशस्त पट्टा रिकामा पडतो.

शक्ती कमी करण्याला घरातून सहसा विरोध होतो, कारण फोनवरच्या रेषा कमी दिसतील अशी भीती असते. परंतु संवाद दुतर्फी असतो. फोनची स्वतःची प्रक्षेपणशक्ती मर्यादित असल्यामुळे ॲक्सेस पॉइंट मोठ्याने बोलला तरी फोनचे उत्तर त्याच्यापर्यंत तेवढ्याच ताकदीने पोहोचत नाही. रेषा पूर्ण दिसतात आणि आवाज मात्र तुटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या ॲक्सेस पॉइंटला जोडायचे हा निर्णय फोनचा असतो. ॲपलच्या जाहीर माहितीनुसार आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्यावर दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधू लागतो, आणि माहितीची देवाणघेवाण चालू असताना नवा पर्याय किमान ८ डेसिबलने सरस असेल तरच तिकडे जातो. तळमजल्याचा ॲक्सेस पॉइंट कमाल शक्तीवर असेल, तर वरच्या खोलीतही सिग्नल उणे ७० च्या वरच राहतो, आणि डोक्यावर दुसरा ॲक्सेस पॉइंट असूनही फोन खालच्यालाच चिकटून बसतो. आमच्या घरात शक्ती कमी केल्यावर जिन्याच्या मधल्या वळणावर दोन्ही मजल्यांचे सिग्नल उणे ६७ च्या आसपास सारखे दिसू लागले, आणि तिथून दोन पायऱ्या चढताच फोन वरच्या ॲक्सेस पॉइंटकडे जातो. ८०२.११ के आणि व्ही या सोयी सुरू ठेवल्यास फोनला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची यादी मिळते आणि शोध लवकर संपतो. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की उपकरणाला बळेच सोडणारी मर्यादाही ओमाडात आहे. तिचा वापर मात्र जपून करावा, कारण दुसरीकडे चांगला सिग्नल नसेल तर तेच उपकरण तुटत आणि जुळत राहते.

मग हे सर्व उपकरणावरच का सोडू नये, हा प्रश्न रास्त आहे. ओमाडाच्या कंट्रोलरमध्ये (सर्व ॲक्सेस पॉइंट एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) नेटवर्क तपासून चॅनेल आणि शक्ती सुचवणारी ‘डब्ल्यूलॅन ऑप्टिमायझेशन’ ही सोय आहे, आणि पाच-सहाहून अधिक ॲक्सेस पॉइंट असलेल्या शाळेसाठी किंवा कार्यालयासाठी मी ती आनंदाने सुचवेन. तीन ॲक्सेस पॉइंटच्या घरासाठी तिच्यापेक्षा हाताने केलेली वाटणी मला श्रेष्ठ वाटते. या मॉडेलांत केवळ तपासणीसाठी राखलेला वेगळा रेडिओ नाही, त्यामुळे आजूबाजूची चॅनेल चाळताना ॲक्सेस पॉइंटला आपले काम थोडा वेळ बाजूला ठेवावे लागते आणि तेवढ्या वेळात जोडण्या तुटू शकतात. ती चालवायचीच असेल तर रात्री चालवावी. दुसरे असे की स्वयंपाकघर कुठे आहे, गच्चीच्या खोलीत किती उपकरणे आहेत, झिग्बीचे दिवे कोणत्या चॅनेलवर आहेत, यांतले काहीही कंट्रोलरला माहीत नसते, आणि घरात तर निर्णय नेमक्या याच गोष्टींवर घ्यायचे असतात.

तरीही तुलना योग्य गोष्टीशी केली पाहिजे. गूगल नेस्ट वायफायसारख्या घरगुती मेश संचात चॅनेल हाताने निवडण्याची सोयच दिलेली नाही. ज्यांना या विषयात पडायचे नाही त्यांच्यासाठी तो साधेपणा सोयीचा आहे, हे मान्य. दाट वस्तीत, तीन मजल्यांत आणि दिवसभर घरून काम करणाऱ्या माणसांच्या घरात मात्र मला हे हक्क स्वतःकडे असलेले हवेत, आणि ओमाडा ते कोणतीही वर्गणी न घेता देते. कंट्रोलरचे सॉफ्टवेअर संगणकावर विनामूल्य चालवता येते. सतत चालू असलेला संगणक नको असेल तर ओसी२०० हे छोटे उपकरण मिळते. चॅनेल, रुंदी आणि शक्तीची मांडणी एकदा केली की ती ॲक्सेस पॉइंटमध्येच साठते आणि कंट्रोलर बंद असला तरी कायम राहते. कंट्रोलरमध्ये साइट (आपल्या घरच्या नेटवर्कची नोंद) तयार करताना देश म्हणून भारत निवडण्यास विसरू नये, कारण उपलब्ध चॅनेलांची यादी आणि शक्तीची मर्यादा त्यावरून ठरते.

वाटणी करण्यापूर्वी हवेची पाहणी करण्यासाठी अँड्रॉइड फोनवरील वायफाय ॲनालायझर किंवा वायफायमॅन पुरेसे आहे. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा तपासणीची परवानगी असते, त्यामुळे प्रत्येक खोलीत थोडे थांबून वाचन घ्यावे. आयफोनवर अशी ॲप चॅनेल दाखवू शकत नाहीत, परंतु ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीमध्ये सेटिंगमधून वायफाय स्कॅनर चालू करता येतो. यादीत नेटवर्कांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची ताकद पाहावी. उणे ८५ च्या पलीकडची दहा नेटवर्क त्रास देत नाहीत, पण शेजारच्या भिंतीला टेकलेले उणे ५५ चे एकच नेटवर्क चॅनेल व्यापून टाकू शकते. पाहणी संध्याकाळी, सगळी घरे भरलेली असताना करावी.

इतर सेटिंगपैकी एकच आग्रहाने सांगेन : नेटवर्कची नावे कमी ठेवावीत. प्रत्येक नावाची घोषणा प्रत्येक ॲक्सेस पॉइंट सेकंदाला सुमारे दहा वेळा करतो, आणि २.४ वर ती जुन्या, अतिशय मंद वेगाने जात असल्यामुळे चार-पाच नावे ठेवली की चॅनेलचा बराच वेळ नुसत्या घोषणांत जातो. घरचे एक, पाहुण्यांचे किंवा स्मार्ट उपकरणांचे दुसरे, एवढी दोन नावे पुरतात.

या मालिकेतील कोणते मॉडेल घ्यावे, याचे उत्तर वरील हिशेबातूनच निघते. ईएपी६५० हा एएक्स३००० आहे आणि त्याचा वाढीव आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीतून येतो. तीन ॲक्सेस पॉइंटच्या घरात ती रुंदी आपण देणारच नाही, म्हणून केवळ त्या आकड्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. जुना वायफाय ५ चा ईएपी२२५ अजूनही मिळत असेल आणि प्लॅन १०० मेगाबिटचा असेल, तर चॅनेलच्या वाटणीचे हेच सर्व अधिकार त्यातही मिळतात. ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ यांपैकी कशातच नाही. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे पुढील काही वर्षांसाठी खरेदी करणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घ्यावा. आज घरात असलेले बहुतेक फोन आणि टीव्ही मात्र ५ गिगाहर्ट्झवरच राहणार आहेत. दोन खोल्यांच्या सदनिकेत मध्यभागी एकच ॲक्सेस पॉइंट पुरत असेल, तर दुसरा घेऊच नये, कारण चॅनेलची सर्वांत चांगली वाटणी एकट्याचीच असते.

आणि हे सर्व झाल्यावर, इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने बसवलेल्या राउटरमधले वायफाय बंद करून घ्यावे. तो चालू राहिला तर घरात आपल्या वाटणीबाहेरचा चौथा प्रक्षेपक तयार होतो, जो स्वतःच्या मर्जीने चॅनेल बदलतो, २.४ वर अनेकदा ४० मेगाहर्ट्झ रुंदी घेतो आणि बहुधा कमाल शक्तीवर असतो. त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा अधिकार ग्राहकाला दिलेला नसेल, तर सेवाकेंद्राला फोन करून दोन्ही पट्टे बंद करायला सांगावे, आणि त्यानंतर पाहणीच्या ॲपमध्ये त्याचे नाव यादीतून खरोखर गेले आहे की नाही, ते तपासून घ्यावे.